यंदा एक जळमट राहू द्या

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या हातात फवारणीची बाटली होती आणि समोर टोमॅटोच्या झाडावर करंगळीपेक्षा जाड, हिरवीगार अळी. न्यू जर्सीत ज्यांनी परसात टोमॅटो लावले असतील त्यांना ही पाहुणी नक्की ठाऊक आहे. शेपटाकडे शिंग, अंगावर तिरपे पांढरे पट्टे, आणि भूक अशी की रात्रीतून अख्खी फांदी बोडकी. इथे तिला हॉर्नवर्म म्हणतात. आमच्या घरी ‘हे’ तिला भस्म्या म्हणतात.

खटका दाबणार, इतक्यात नात ओरडली, "आजी, थांब! तिच्या पाठीवर भात सांडलाय!"

चष्मा सारखा करून पाहिलं. खरंच, पाठीवर तांदळाचे तीस-चाळीस दाणे उभे चिकटवल्यासारखे दिसत होते. अळी जिवंत होती, पण खात नव्हती. काडी लावली तर डोकं जरासं हलवलं, तेवढंच.

नात नऊ वर्षांची आहे. पहिला प्रश्न आला, "हे काय आहे?" मी सांगितलं, कोष आहेत, दुसऱ्याच किड्याचे. दुसरा प्रश्न, "मग ते तिच्या आत कसे गेले?" आणि तिसरा, "यांचे आई-बाबा कुठे आहेत?" तेवढ्यात लेक चहाचा कप घेऊन डेकवर आली होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला न बोलता समजलं: आई, जरा जपून.

आपल्या घरांतून हा विषय निघाला की मोठी माणसं कपातल्या चहाकडे बघू लागतात. माझंही काही वेगळं नव्हतं. पण प्रश्न परसातला होता, आणि हे सदरही परसाचंच आहे. गेल्या दिवाळीत तुळस हिवाळ्यात कशी जगवायची ते लिहिलं होतं. यंदा आमच्या परसात लागलेल्या लग्नांबद्दल लिहिते. मंगलाष्टकं नाहीत, आहेराची पद्धतही जरा निराळी आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

तर ते पांढरे दाणे. चिलटाएवढी एक काळी गांधीलमाशी असते. माणसाला ती काहीही करत नाही. तिची मादी अळीवर क्षणभर टेकते, सुईसारखी नळी आत खुपसते आणि कातडीखाली अंडी सोडते. कधी कधी शंभराच्या वर. पिल्लं अळीचं रक्त पिऊन आतल्या आत वाढतात, साधारण दोन आठवड्यांनी कातडीला भोकं पाडून बाहेर येतात आणि तिथेच, तिच्या पाठीवर, रेशमाचे पांढरे कोष विणतात. आठवडाभरात कोषाचं झाकण उघडून नव्या माश्या उडून जातात. अळीचं पाखरू कधीच होत नाही.

पण अळी काही मुकाट्याने बळी जाणारी नसते. तिच्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. परकी वस्तू आत शिरली की त्या तिला घेरतात आणि गुदमरवून टाकतात. मग ही अंडी वाचतात कशी? तर आई अंड्यांबरोबर विषाणूही टोचते. हा विषाणू तयार होतो फक्त तिच्या अंडाशयात. तो अळीच्या पेशींत शिरतो आणि तिथला पहारा मोडून काढतो. मात्र तिथे त्याला स्वतःची एकही नवी प्रत काढता येत नाही. त्याची पाककृती गांधीलमाशीच्याच गुणसूत्रांत लिहिलेली आहे, आणि तिच्या लेकराबाळांबरोबरच ती पुढच्या पिढीत जाते. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी या माश्यांच्या एका पूर्वजाच्या अंगात एक विषाणू शिरला आणि परत गेलाच नाही. हा त्याचाच वंश, हे 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. गेली काही वर्षं आपण विषाणू म्हटलं की दाराला कडी लावायला शिकलो. इथे तो घरजावई होऊन राहिलाय, आणि त्याच्यावाचून या घरात पाळणा हलत नाही.

राहिला बाबांचा प्रश्न. गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्या या सगळ्या एकाच कुळातल्या, आणि त्यांच्याकडे एक अजब रीत आहे. मादी नराकडून मिळालेलं बीज पोटातल्या एका पिशवीत साठवून ठेवते. अंड्याला ते बीज लागलं तर मुलगी होते, नाही लागलं तर मुलगा. म्हणजे मुलग्याला बाप नसतोच. आजोबा मात्र असतात, आईचे वडील.

नात विचारात पडली. "मग फादर्स डेला ते काय करतात?"

"आजोबांना कार्ड देत असतील," लेक म्हणाली. तिचा चहा एव्हाना निवला होता, पण ती उठून गेली नव्हती.

फवारणीची बाटली मी गराजमध्ये ठेवून दिली. त्या एका अळीला मारलं असतं तर तिच्या पाठीवरच्या तीस-चाळीस गांधीलमाश्याही मेल्या असत्या, आणि पुढच्या अळ्या शोधण्याचं काम मला एकटीला करावं लागलं असतं.

सप्टेंबर लागला तसा डेकच्या कठड्याला एक भलंमोठं जाळं दिसू लागलं. मधोमध काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची कोळ्याची मादी, आणि तिच्याखाली जाळ्यात विणलेली पांढरी नागमोडी वेलबुट्टी. अमेरिकेत बागेत सर्रास दिसणारा हा कोळी. नातीने तिचं नाव ‘शार्लट’ ठेवलं. ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ या 1952 सालच्या पुस्तकातली शार्लट गोठ्यात राहणाऱ्या दुसऱ्या जातीची आहे, पण ते मी बोलले नाही.

या शार्लटच्या जाळ्याच्या कडेला एक दिवस तपकिरी रंगाचा, काडीसारखा किरकोळ कोळी येऊन बसला. मादी इंचभर लांब, हा तिच्या पाव हिश्शाएवढा. नातीला वाटलं, बाळ आहे. तो नवरदेव होता. हा बेटा जाळ्याच्या धाग्यावर पायाने टिचक्या मारतो, तंबोऱ्याची तार छेडावी तसा. ‘मी भक्ष्य नाही, स्थळ आहे’ हे कळवण्याची ती पद्धत. मादीची नजर कमजोर असते, तिला जगाची बातमी धाग्यांतूनच लागते.

कोळ्याच्या नराला तोंडाजवळ दोन आखूड सोंडांसारखे अवयव असतात. त्यांत तो बीज भरून आणतो आणि एकामागून एक मादीला देतो. या जातीत पहिली सोंड रिकामी होते तोवर सगळं ठीक असतं. दुसरी आत गेली की तो जागच्या जागी मरतो. मादी मारते म्हणून नव्हे. त्याचं हृदय आपसूक बंद पडतं. 2003 मध्ये दोन संशोधकांनी हे नीट तपासून प्रसिद्ध केलं. मेलेला नर तिथेच अडकून राहतो, आणि त्याचं प्रेतच काही काळ दाराला लावलेल्या खुंटीचं काम करतं. दुसऱ्या नराला वाट मिळत नाही. मादी पुढे त्याला ओढून काढते, कधी खाऊनही टाकते.

ही हकिगत मी जेवणाच्या टेबलावर सांगितली तेव्हा ‘हे’ म्हणाले, "बिचारा." थोड्या वेळाने म्हणाले, "पण वेळेवर पोचला होता." यावर आमच्याकडे बराच वेळ शांतता होती.

सप्टेंबर महिना अंजिरांचाही. आमचे शेजारी इटालियन, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी लावलेलं अंजिराचं झाड ते दर हिवाळ्यात गोधडीत बाळ गुंडाळावं तसं गुंडाळतात. त्यांनी बादलीभर अंजिरं आणून दिली. नातीने एक उचललं, पण तोंडात घालेना. शाळेत कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, अंजिरात मेलेली माशी असते.

मला आमच्या गावच्या विहिरीवरचं उंबर आठवलं. उंबर फोडायचं, फुंकर मारायची, आतली चिलटं उडाली की खायचं. दत्ताचं झाड म्हणून खालून जाताना हात जोडायचे. अशक्य गोष्टीला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण ते कुणाला दिसत नाही. खरं तर उंबर म्हणजे आत वळलेली शेकडो फुलंच. ती चिलटं म्हणजेच त्या फुलांची गांधीलमाशी. मादी तोंडाच्या बारीक भोकातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, तिथून तिला परत येणं नाही. बरोबर आणलेले परागकण ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. मादी अजून आपल्या फुलात बंद असतानाच ते तिच्याशी मीलन करतात, मग उंबराच्या भिंतीतून तिच्यासाठी बोगदा पोखरतात, आणि त्यांचं आयुष्य संपतं. पराग अंगावर घेऊन मादी त्या बोगद्याने बाहेर पडते. तिच्याकडे जेमतेम एखाद-दोन दिवस असतात, तेवढ्यात दुसरं उंबर गाठायचं. लहानपणी मी फुंकर मारून उडवत होते ती ही मंडळी.

अमेरिकेला हा धडा महागात शिकावा लागला. तुर्कस्तानातल्या स्मर्नाची, म्हणजे आजच्या इझमिरची, सुकी अंजिरं जगभर नावाजलेली. 1880 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी तिथल्या फांद्या आणून लावल्या. झाडं फोफावली. फळंही धरली, पण पिकायच्या आधीच गळून पडली. वर्षानुवर्षं तेच. स्मर्नाचे शेतकरी उन्हाळ्याच्या तोंडाला रानटी अंजिरांच्या माळा बागेतल्या झाडांना टांगत असत. कॅलिफोर्नियात पुष्कळांनी ती अडाणी समजूत म्हणून सोडून दिली. झाड आणलं होतं, त्याची माशी मागे राहिली होती. शेवटी 1899 मध्ये अमेरिकन कृषी खात्याचे वॉल्टर स्विंगल यांनी आल्जिरियाहून पाठवलेल्या रानटी अंजिरांतून ती माशी फ्रेस्नोला पोचली, तिथे रुजली आणि झाडं फळाला आली. फ्रेस्नोचे बागाईतदार जॉर्ज रोडिंग यांनी त्या अंजिराला कॅलिफोर्निया आणि स्मर्ना मिळून ‘कॅलिमर्ना’ असं नाव दिलं. आजही जून महिन्यात त्या बागांतून रानटी अंजिरं पिशव्यांत घालून टांगतात.

आपल्यापैकी ज्यांनी सुटकेसमधून कढीपत्त्याचं रोप आणायचा विचार कधीतरी केला असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेजाऱ्यांचं अंजीर मात्र माशीवाचून पिकणाऱ्या जातीचं आहे. या भागातल्या परसांत बहुधा तीच जात असते. हे ऐकल्यावर नातीने चार खाल्ली.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

मी सात वर्षांची असताना आमच्या गायीला वासरू झालं. त्याच्या बेंबीची जखम चिघळली आणि तिच्यात आसडी पडली. ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जखमेत माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खात खात आत शिरतात. आजोबांनी सीताफळाचा पाला वाटून भरला, टर्पेंटाइनचे बोळे घातले. पाचव्या दिवशी वासरू गेलं. गाय रात्रभर हंबरत होती. माशीबद्दल मला तेव्हापासून फक्त एकच गोष्ट सुचत आलेली आहे, आणि ती म्हणजे तिला मारणं.

त्या माशीची एक बहीण अमेरिकेत होती. तिला स्क्रूवर्म म्हणतात. गोचिडाच्या चाव्याएवढी जखमही तिला पुरते. दक्षिणेकडच्या राज्यांत गुरंढोरं, हरणं तिने जेरीस आणली होती. टेक्सासच्या शेतकरी घरात वाढलेले एडवर्ड निप्लिंग कृषी खात्यात कीटकशास्त्रज्ञ होते. 1930 च्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी रेमंड बुशलँड या माशीचा अभ्यास करत होते. त्यांच्या ध्यानात आलं की नर कितीही माद्यांशी जमतो, मादी मात्र आयुष्यात एकदाच. एकदा मीलन झालं की ती दुसऱ्या नराला जवळ करत नाही.

निप्लिंग यांना वाटलं, की मादीची ती एकुलती एक वेळ वांझ नराबरोबर गेली, तर? समजा रानात शंभर नर आहेत आणि आपण नऊशे वांझ नर सोडले. दहापैकी नऊ माद्यांची अंडी फुकट गेली. पुढच्या पिढीत रानात नर उरले दहा. पुन्हा नऊशे सोडले, तर आता नव्वदास एक. विषाचा जोर माश्या कमी होतील तसा वाया जाऊ लागतो, कारण उरलेल्या सापडत नाहीत. इथे उलटं. माश्या जितक्या कमी, तितका उपाय जालीम, कारण उरलेल्या माद्यांना शोधून काढायचं काम नर स्वतःच करतात.

कल्पना होती, पण नर वांझ करायचे कसे हे कळत नव्हतं. मधे महायुद्ध आलं. 1950 च्या सुमारास, क्ष-किरणांमुळे फळमाश्या वांझ होतात हे हर्मन मुलर यांचं काम त्यांच्या नजरेस पडलं आणि वाट सापडली. कोषात असतानाच माशीला किरण द्यायचे. ती उडते, जोडीदार शोधते, सगळं रीतसर करते, फक्त अंडी उबत नाहीत. 1954 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर विमानातून अशा माश्या सोडल्या आणि काही महिन्यांत बेट स्वच्छ झालं. मग फ्लोरिडात सेब्रिंगला माश्यांचा कारखानाच काढला, आठवड्याला पाच कोटी माश्या! 1959 पर्यंत आग्नेय अमेरिका मोकळी झाली. टेक्सासला अधिक वेळ लागला, 1972 मध्ये माशी पुन्हा उसळली होती. पण 1982 नंतर ती देशात ठाण मांडून राहिली नाही. पुढे मेक्सिको, मग मध्य अमेरिका करत तिला पनामापर्यंत मागे रेटलं आणि तिथे वांझ माश्यांची अदृश्य भिंत उभी केली. 1992 मध्ये निप्लिंग आणि बुशलँड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

ती भिंत अलीकडे फुटली आहे. 2023 पासून माशी पनामातून वर सरकू लागली, 2024 च्या अखेरीस मेक्सिकोत पोचली, आणि 2025 मध्ये अमेरिकेने मेक्सिकोतून जिवंत गुरं आणणं थांबवलं. पुन्हा वांझ नर तयार करण्याची धावपळ चालू आहे. म्हणजे हे जुन्या काळातलं काही नाही, तुमच्या-माझ्या किराणा दुकानातल्या भावांशी याचा संबंध आहे.

हे सगळं मी नातीला सांगितलं, वासरासकट. लेक तिथेच बसली होती, तिनेही ही वासराची गोष्ट प्रथमच ऐकली. नातीने बराच विचार करून विचारलं, "म्हणजे कोणीतरी त्या माश्या लग्न करताना बघत बसलं होतं?"

"हो."

"आणि त्यांना कोणी हसलं नाही?"

हसले असणार. सरकारी पैशाने माश्यांचे संसार बघत बसलेल्या माणसाला कोण हसणार नाही? पण त्यांनी पाहिलं, आणि त्या एका चमत्कारिक सवयीच्या आधारावर किती वासरं वाचली याची गणतीच नाही. आजोबांकडे सीताफळाचा पाला होता, माझ्याकडे फवारणीची बाटली. दोघांनीही त्या माशीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

आता दिवाळी तोंडावर आली. आपल्याकडे रीत अशी की पहिली पणती लागायच्या आत घरातली जळमटं निघाली पाहिजेत. परवा मी झाडू घेऊन डेकवर गेले. शार्लट आता जाळ्यात नाही, पहिल्या कडक थंडीत तिची जात संपते. पण कठड्याच्या कोपऱ्यात तपकिरी कागदी पिशवीसारखा, सुपारीएवढा गोळा लटकतो आहे. आत काहीशे अंडी. थंडी वाढायच्या आत पिल्लं आतल्या आत बाहेर पडतील, बर्फात त्याच पिशवीत दाटीवाटीने बसतील आणि वसंतात निघतील. बापाने जीव देऊन आणि आईने शेवटचं रेशीम घालून ठेवलेली ती ठेव आहे.

झाडू मी परत आत नेला. यंदा आमचा आकाशकंदील त्या कोपऱ्यापासून हातभर लांब लागेल. ‘हे’ म्हणतात, लोक म्हणतील घर झाडलं नाही. म्हणू देत. तुमच्याही डेकवर किंवा शेडमध्ये असा गोळा दिसला तर एवढा एक कोपरा पिल्लं निघेपर्यंत राहू द्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात टोमॅटोवर भात सांडलेली अळी दिसली, तर मुलांना हाक मारा. प्रश्न अडचणीचे येतील. चहा निवला तरी चालेल, पण उठून जाऊ नका.